२० मार्च म्हणजे फक्त चिमणी दिन? सामान्यज्ञान नेमके कोणाचे?



सुरुवातीलाच आमची एक चूक कबूल करतो. गेल्या वर्षी भीमजयंतीला सावर्डे परिसरातल्या आमच्या बौद्धवाडीत, विहारामध्ये, आम्ही मुलांची सामान्यज्ञान स्पर्धा घेतली. वेळ कमी होता. मंडप घालायचा होता, मुंबईहून चाकरमानी यायचे होते, जेवणाची तयारी होती. म्हणून बाजारातून सामान्यज्ञानाचे एक तयार पुस्तक आणले, त्यातले पन्नास प्रश्न उतरवले, झेरॉक्स काढल्या आणि मागची उत्तरसूची बघून पेपर तपासले. त्यात एक प्रश्न होता: २० मार्च हा दिवस कोणता दिन म्हणून पाळतात? सातवीतल्या एका मुलीने लिहिले, 'चवदार तळे सत्याग्रह दिन'. उत्तरसूचीत होते, 'जागतिक चिमणी दिन'. आमच्या कार्यकर्त्याने लाल पेनाने फुली मारली. एका गुणाने तिचा पहिला नंबर गेला.

बक्षिसे वाटून झाल्यावर ती पेपर घेऊन आमच्याकडे आली. रडत नव्हती, भांडतही नव्हती. एवढेच म्हणाली, "दादा, मग चवदार तळ्याचा दिवस कधी असतो?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर, जयंतीच्या दिवशी, स्वतःला आंबेडकरी म्हणवणाऱ्यांनी ही फुली मारली होती. मनुवाद्यांना शिव्या घालून हे प्रकरण मिटणारे नाही. म्हणून हा लेख.

चिमणीशी आमचे भांडण नाही. २०१० पासून हा दिवस पाळला जातो आणि त्यात नाशिकच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीचा पुढाकार होता. चांगली गोष्ट आहे. २० मार्च हाच संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला आंतरराष्ट्रीय आनंद दिनही आहे. मुलांनी तेही जरूर लक्षात ठेवावे. पण आमच्या सावर्ड्यावरून जो मुंबई-गोवा महामार्ग जातो, तोच महाडवरून जातो. त्या महाडला २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसे तळ्यापर्यंत चालत गेली आणि पाणी प्यायली. तो दिवस पुस्तकाच्या 'दिनविशेष' यादीत नाही आणि चिमणी आहे. आता ही यादी कोणी केली, हा प्रश्न आम्ही विचारायचा की नाही?

हे केवळ एका तारखेचे नाही. १९ नोव्हेंबर हा जागतिक शौचालय दिन. तो दिवस संयुक्त राष्ट्रांनी मान्य केला २०१३ साली. आमच्या मुलांना हे पाठ आहे. त्याच २०१३ साली आपल्या संसदेने हाताने मैला उचलण्याच्या कामावर बंदी घालणारा नवा कायदा केला, कारण १९९३ चा पहिला कायदा असूनही ते काम चालूच होते. शौचालय दिन कधी, हे विचारतात. शौचालय साफ कोण करतो, त्याची जात कोणती आणि एकाच कामावर बंदी घालायला दोन कायदे का लागले, हे विचारत नाहीत. पहिल्या प्रश्नाला एक गुण आहे. दुसऱ्या प्रश्नाला गुणही नाही आणि जागाही नाही.

शोधांचेही तेच. विजेच्या दिव्याचा शोध कोणी लावला? एडिसन. झाले, पुढचा प्रश्न. लुईस लॅटिमर हे नाव कोणत्याही गाइडमध्ये आम्हाला सापडले नाही. गुलामीतून पळून आलेल्या आईवडिलांचा हा काळा मुलगा. बेलच्या टेलिफोनच्या पेटंटसाठीचे आराखडे त्याने काढले आणि दिव्यातली कार्बनची तार बनवण्याच्या सुधारित पद्धतीचे पेटंट १८८२ साली स्वतःच्या नावावर घेतले. पुढे तो एडिसनच्याच कंपनीत कामाला होता. एडिसन मोठा होताच. पण 'एक शोध, एक माणूस' असे पाठ करून घेतले की बाकीचे हात दिसेनासे होतात.

अमेरिका लांब राहिली, आपल्या सावर्ड्याचेच बघू. आमच्या भागाची ओळख काताच्या कारखान्यांसाठी आहे. खैराच्या लाकडाच्या गाभ्याचे तुकडे पाण्यात उकळायचे, तो रस आटवायचा, थंड करून वड्या पाडायच्या. ही विद्या कोणाची? ज्या जमातीचे नावच त्या कामावरून पडले, त्या कातकऱ्यांची. इंग्रजांच्या वनकायद्यांनी जंगल सरकारी झाले आणि त्यांच्या हातातला खैर गेला. आज कातकरी सरकारी कागदावर 'आदिम जमात' आहेत आणि वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर राबताना दिसतात. 'आदिम' म्हणजे ज्याला काही येत नाही, असे आपलीच पोरे समजतात. कात कोणी शोधला, असा प्रश्न कोणत्या पेपरात आला आहे का?

आता इतिहास. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात खोतीवर ओळ असते: खोती निर्मूलनाचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई कायदेमंडळात मांडले. बरोबर आहे. मुले पाठ करतात. पण खोत म्हणजे कोण, हे विचारा, निम्मी मुले गप्प बसतात. ज्यांच्या आज्यापणज्यांनी खोताच्या घरी वेठ केली, ती मुले! खोत सरकारसाठी सारा गोळा करायचा आणि कुळाच्या पिकात स्वतःचा वाटा काढायचा. खोतांत ब्राह्मण पुष्कळ होते, मराठा आणि मुसलमान खोतही होते. कुळांत कुणबी होते आणि महारही होते. १९२९ च्या एप्रिलमध्ये बाबासाहेब चिपळूणला आले, तेव्हा बहिष्कृतांच्या परिषदेबरोबर त्यांनी शेतकऱ्यांच्या परिषदेतही खोतीविरुद्ध भाषण केले. १० जानेवारी १९३८ ला मुंबईत कायदेमंडळावर शेतकऱ्यांचा मोर्चा गेला, त्यात कोकणातली कुळे होती. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने.

तारीख पाठ असून काय उपयोग, जर कुणबीवाडी आणि बौद्धवाडी एकाच खोताची कुळे होती हे दोन्ही वाड्यांना माहीत नसेल? आज या दोन वाड्या पाण्याच्या टाकीवरून आणि मिरवणुकीच्या रस्त्यावरून एकमेकींसमोर उभ्या केल्या जातात. तिथे ही माहिती कामाची आहे. नेमकी तीच माहिती एका ओळीच्या उत्तरात मरून जाते.

साहित्याचे उदाहरण घ्या. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', १८५७, हे सर्वांना येते. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८५५ साली, फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आमच्या पन्नास प्रश्नांत मुक्ता नव्हती. चौदा वर्षांच्या मुलीने लिहिलेले आजच्या चौदा वर्षांच्या मुलीला माहीत नाही, याला काय म्हणायचे?

इथे कोणी म्हणेल, मग फेकून द्या ते सामान्यज्ञान. नाही, अजिबात नाही. सामान्यज्ञान ही आमचीच मागणी होती. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिले. त्यात प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे त्यांनी मोजून सांगितले: मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, सामान्य इतिहास, सामान्य भूगोल, व्याकरण आणि त्यासोबत शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे धडे. जोतिबांच्या यादीत जगाचा इतिहास आणि बांधावरची शेती शेजारी शेजारी आहेत. आपण अर्धी यादी घेतली आणि अर्धी सोडली.

आता थोडे कडू बोलतो. दोष फक्त बाजारातल्या पुस्तकांचा नाही. आपण स्वतः बाबासाहेबांचे काय केले आहे? साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला त्यांचे नाव दाखल झाले. २०१७ पासून राज्यात तो विद्यार्थी दिवस आहे. रजिस्टरमधला त्यांचा क्रमांक १९१४ हे आपल्या पोरांना तोंडपाठ असते. पण त्या मुलाला बसायला घरून गोणपाट का न्यावे लागत होते आणि ते शाळेतला गडी का उचलत नव्हता, हे किती जण सांगतात?

त्याहून वाईट म्हणजे आपण खोटेही पाठ करतो. 'कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना जगातला क्रमांक एकचा विद्वान जाहीर केले' हा मेसेज दर एप्रिलला फिरतो. विद्यापीठाने २००४ साली, अडीचशे वर्षे पूर्ण झाल्यावर, आपल्याकडे शिकलेल्या-शिकवलेल्या नामवंतांची यादी केली. त्यात बाबासाहेबांचे नाव आहे, हा मान मोठाच आहे. पण ती पहिला-दुसरा नंबर देणारी यादी नव्हती. 'रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली' हेही असेच. खरे हे की १९२३ साली त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ आला, १९२५ साली त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली आणि १९३५ साली रिझर्व्ह बँक सुरू झाली. हे खरे काय कमी आहे? खोट्याची गरज ज्याला खरे वाचायचे नसते त्याला पडते. शिवाय विरोधक एक खोटे पकडतो आणि त्याच्या आधारावर आपली दहा खरी विधाने उडवून लावतो.

हे बोललो की आपलेच काही लोक चिडतात, "तुम्ही बाबासाहेबांना लहान करता" म्हणतात. त्यांना कालाम सुत्त आठवून द्यावे लागते. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, आपल्या गुरूने सांगितले आहे, एवढ्यावर काही मानू नका, असे बुद्धांनी कालामांना सांगितले. विहारात बसून ते वाचायचे आणि मोबाइलवर आलेले मात्र डोळे झाकून पुढे ढकलायचे, हे धम्माला धरून नाही.

दुसरा आक्षेप पालकांचा, आणि तो खरा आहे. "पोलीस भरतीत, तलाठी भरतीत चिमणी दिनच विचारणार. तुमच्या चळवळीपायी पोरांचे गुण का घालवता?" गुण घालवू नका. ज्या घरात पहिली सरकारी नोकरी यायची आहे, तिथे एक गुण म्हणजे काय, हे आम्हाला कळते. परीक्षेत मागतील ते उत्तर लिहा. पण विहार म्हणजे परीक्षा केंद्र नव्हे. इथला पेपर आपल्या हातात आहे, तो तरी आपण काढू. आणि 'का'चे उत्तर ज्याला येते त्याच्या 'केव्हा'ही लक्षात राहते, असा आमचा अभ्यासिकेतला अनुभव आहे.

म्हणून गावोगावच्या मंडळांना आणि मुंबई शाखांना आमची सूचना आहे. यंदाच्या जयंतीला तयार पुस्तकातला पेपर उतरवू नका. प्रत्येक तारखेच्या प्रश्नाला एक 'का' जोडा. उदाहरणार्थ: सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ साली झाला, महाड नगरपालिकेनेही १९२४ साली ठराव केला, तरी १९२७ साली तळ्यावर चालत का जावे लागले? आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ का उजाडले? दहा प्रश्न आपल्या तालुक्याचे ठेवा. दोन प्रश्न वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांकडून घ्या. बाबासाहेबांविषयीचे प्रत्येक उत्तर त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या खंडांतून तपासून घ्या. आणि उत्तरसूचीत नसलेले बरोबर उत्तर आले, तर फुली मारण्याआधी थांबा.

त्या मुलीच्या घरी आम्ही गेलो. तिच्या आईवडिलांसमोर चूक मान्य केली, पेपरावरची फुली खोडली आणि गुण दिला. पहिल्या क्रमांकाचे बक्षीसही दिले. ज्या मुलाला आधी पहिले बक्षीस मिळाले होते त्याचे परत घेतले नाही, त्याची काही चूक नव्हती. ती मुलगी आता आठवीत आहे आणि यंदाचा पेपर काढणाऱ्या आमच्या पाच जणांत तीही आहे. तिने पहिला प्रश्न आणला तो असा: २० मार्चला कोणकोणते दिवस असतात, आणि त्यातला कोणता आपल्या पुस्तकात नाही?

जय भीम. नमो बुद्धाय.