उतरायचे कोठे?

निवडणुकीचा हंगाम आला की हेलिकॉप्टरांची घरघर तालुक्यातालुक्यांतून ऐकू येऊ लागते. शाळेच्या पटांगणावर चुन्याचे वर्तुळ आखतात, मध्ये इंग्रजी ‘एच’ अक्षर रंगवितात, आणि तेवढ्याने ती जागा आकाशवाहनास योग्य झाली असे सर्वांस वाटते. हा समज सोयीचा खरा. पण तो तितकाच घातक आहे.

२५ मे २०१७ रोजी निलंगा येथे खुद्द राज्याच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांचे हेलिकॉप्टर उड्डाण करताच विजेच्या तारांत अडकून कोसळले. सर्वांचे प्राण वाचले, हे केवळ दैव. ३ मे २०२४ रोजी महाड येथे प्रचारासाठी आलेले हेलिकॉप्टर तात्पुरत्या तळावर उतरताना कोसळले, वैमानिक बचावले. २२ ऑक्टोबर २०२५ रोजी केरळात प्रमाडम येथे राष्ट्रपतींच्या हेलिकॉप्टरची चाके ताज्या काँक्रीटमध्ये रुतली, आणि पोलीस व अग्निशामक दलाच्या जवानांना ते हातांनी ढकलावे लागले. जेथे साऱ्या यंत्रणा दिमतीला उभ्या असतात तेथे ही अवस्था, तर इतरत्र काय असेल?

कायदा नाही असे नव्हे. नियमित वाहतुकीच्या तळास नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता लागते. प्रासंगिक उतरण्यास सवलत आहे. पण जागामालकाची संमती, जिल्हा प्रशासनाची परवानगी आणि जागा सुरक्षित असल्याची उड्डाण करणाऱ्यांची खात्री या गोष्टी तेथेही हव्यातच. घोडे पेंड खाते ते शेवटच्या अटीपाशी. परवानगीचा कागद गर्दी, बंदोबस्त आणि मालकी पाहतो. वारा, तारा आणि माती पाहत नाही.

हेलिकॉप्टर सरळ वर उठते, म्हणून त्याला अंगणाएवढी जागा पुरे, ही भाबडी कल्पना आहे. भरल्या वजनाने त्याला बहुधा तिरकस चढावे व उतरावे लागते; त्यासाठी वाऱ्याच्या दिशेने मोकळी वाट हवी. मे महिन्याच्या उन्हात हवा विरळ होते आणि यंत्राची उचलशक्ती घटते. सुक्या मैदानावर पात्यांच्या झोताने उठलेली धूळ वैमानिकाची दृष्टी झाकते. आणि विजेची तार तर वरून दिसतच नाही.

संकटकाळी नियम पाहत बसावे काय, असे कोणी विचारील. २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडे हेलिकॉप्टरांची निकड साऱ्यांनी पाहिली आहे. परंतु त्याच कारणासाठी जागा आधीच सिद्ध हवी. आग लागल्यावर विहीर खणता येत नाही.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक तालुक्यात निदान एक कायमची जागा तज्ज्ञांकडून तपासून घ्यावी. तेथे पक्की भूमी, वातदर्शक, कुंपण व अग्निशमनाची सोय असावी, आणि भोवती नवे खांब वा इमारती उभ्या राहणार नाहीत असा निर्बंध असावा. नेत्यांनी तेथे उतरून सभास्थानी मोटारीने जावे. अर्ध्या तासाच्या त्या प्रवासात त्यांना मतदारसंघातले रस्तेही दिसतील. उरला वैमानिक. जागा अयोग्य दिसताच त्याने दिलेला नकार अंतिम मानला जावा, आणि त्यापायी त्याच्या नोकरीस धक्का लागू नये. त्या नकाराचा मान राखणे हा लोकप्रतिनिधींचा उपकार नव्हे, कर्तव्य आहे.