आमचा ट्रक कुणाच्या कपाटात आहे?

जुन्या ट्रकांच्या छोट्या प्रतिकृती जमवणं म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले, असं आमच्याकडे सर्रास बोललं जातं. मला ते पटत नाही. एखादी गोष्ट हुबेहूब लहान करायची तर आधी ती नीट पाहावी लागते. ज्या ट्रकांवर रोहा-पेणच्या कितीतरी घरांच्या चुली पेटल्या, ते आपण कधी नीट पाहिलेच नाहीत.

माझ्या कपाटात काही मॉडेलं आहेत, बहुतेक १:४३ मापाची. सात मीटरचा ट्रक या मापात सोळा सेंटिमीटरचा होतो. त्यात विलायती बेडफर्ड आहे, जर्मन मर्सिडीज आहे. वायपर, आरसे, टाकीचं झाकण, सगळं जागच्या जागी. टाटा-मर्सिडीज मात्र मनासारखी मिळाली नाही. मागे ओढून सोडायचे प्लास्टिकचे ‘पब्लिक कॅरियर’ जत्रेत मिळतात, पण ती खेळणी. त्यांच्याकडून मापाची अपेक्षा का करावी?

१९५४ साली टेल्कोने डेमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक तयार होऊ लागले. १९६९ ला करार संपला. तोंडावरचा तीन टोकांचा तारा गेला. जुन्या फोटोतल्या ट्रकचं वय सांगायला हा तारा फार उपयोगी पडतो. पण खरी गंमत पुढेच आहे. कारखान्यातून बहुधा नुसती चॅसिस आणि बोनेटचा पुढचा भाग यायचा. केबिन, हौदा, फाळका हे सगळं गावोगावचे सुतार, लोहार आणि पेंटर करायचे. म्हणजे कंपनीचा नकाशा कितीही अचूक असला तरी त्यात आमचा अर्धा ट्रक नाहीच! तो ज्यांनी बांधला आणि चालवला त्यांच्या डोक्यात आहे, आणि ही माणसं आता एकेक करून जात आहेत.

कोकणी मुसलमानांचा इतिहास सांगताना खलाशी येतो, आखातातली नोकरी येते. ट्रक ड्रायव्हर येत नाही. पेण-रोहा रेल्वे १९८६ साली सुरू झाली. तोवर नागोठणे, वडखळ, पेण करत मुंबईकडे जाणारा माल रस्त्यानेच जायचा. पेणचे गणपती पेंढ्यात नीट बसवून मुंबईला पोचवणाऱ्यांत आमच्या मोहल्ल्यातले चाचाही होते. मूर्तीला टवका गेला नाही पाहिजे म्हणून खड्ड्याला गाडी कशी उतरवायची, हे ते आजही हातवारे करून सांगतात.

कुणी म्हणेल, प्रतिकृती घरात ठेवणं आपल्यात चालतं का? अहो, ट्रकला जीव कुठे आहे! (चाचांना हे सांगू नका, ते भांडतील.)

जुने ट्रक आता भंगारात चाललेत. अख्खा ट्रक जपायला जागा आणि पैसा कुणाकडे आहे? सोळा सेंटिमीटर जागा सगळ्यांकडे आहे. आणि हात शोधायला लांब जायची गरज नाही. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत साचा काढणं रोजचं काम आहे. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्याला बोटभर फाळक्यावर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिणं काय जड आहे? १९९९ पासून कोलाडला ट्रक मालगाडीवर चढवून गोव्याकडे पाठवतात. पुलावरून ती रांग पाहिली की फळीवर मांडलेली मॉडेलंच वाटतात. रोहा तालुक्यातल्या पोरांना हे फुकट बघायला मिळतं, त्यांना नुसती पट्टी आणि वही द्या.

पेणच्या एका कारागिराला मी विचारलंय. गणपतीचा हंगाम उरकू दे, मग बघू, म्हणाला. तोवर चाचांकडून हौद्याची मापं लिहून घेतोय. ते फुटांत नाही, वितीत सांगतात. त्यांची वीत नऊ इंच भरली.