दाण्यांची शाळाबंदी

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या एका पालकसभेत एका गृहस्थांनी फर्मान काढलं: मोलस्कम या त्वचारोगाचे दाणे अंगावर असलेलं पोर ते जाईपर्यंत शाळेत बसवू नये. विषाणू देवीच्या कुळातला, रोग घाणीचा, आणि दाण्यावर चुना लावला की काम फत्ते. टाळ्या पडल्या. आवाज चढा असला की आपल्याकडे पुरावा कुणी मागत नाही.

कुळाचं खरं आहे. पण कुळ बघून सोयरीक ठरवतात, रोग नव्हे. देवीचा विषाणू श्वासावाटे शिरून अंगभर पसरायचा आणि जीव घ्यायचा. मोलस्कमचा कातडीच्या वरच्या थरातच राहतो. शिवाय गाईच्या देवीचा विषाणूही त्याच कुळातला. जेनरने 1796 मध्ये तोच टोचून देवी अडवली. 14 जून 1802 रोजी मुंबईत तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉलला टोचलेली लस ही हिंदुस्थानातली पहिली. लसीला पुढे विरोध झाला, तोही असाच ठाम आवाजात.

आता शाळाबंदी. हे दाणे सहा महिने ते वर्षभर राहतात, कधी दीड वर्षही; एक जिरतो तोवर दुसरा उगवतो. म्हणजे ‘जाईपर्यंत’ याचा अर्थ अख्खी इयत्ता. आई विड्या वळते, बाप यंत्रमागावर. पोराला सांभाळणार कोण? मुलगी असली तर धाकट्याला सांभाळायला तीच बसेल आणि मग शाळेत परतणारही नाही. कांजिण्यांत खपल्या धरेपर्यंत घरी ठेवतात, ते रास्तच; तो आठवड्याचा मामला. इथे संसर्ग कातडीला कातडी घासून आणि एकाच टॉवेलातून होतो, शेजारी बसून पाढे म्हटल्याने नव्हे. पोराला शाळेतून काढून जिथे तीन भावंडं एका टॉवेलाला अंग पुसतात त्या खोलीत कोंडायचं, याला म्हणे प्रतिबंध! कोड असलेल्या मुलाला वेगळं बसवा, असा आग्रह मागे याच मंडळींनी धरला होता. कोड तर लागतही नाही. तेव्हा हरलेला वाद आता नव्या रोगाच्या नावाने पुन्हा उकरून काढला आहे.

घाणीचं म्हणाल, तर दोन वेळा आंघोळ करणाऱ्या घरातही दाणे येतात. चुन्याने कातडी भाजते. बहुधा डाग न ठेवता जाणारा दाणा मग कायमची खूण ठेवून जातो. आणि मोठ्यांना हा रोग शरीरसंबंधातूनही होतो, याबद्दल सभेत चकार शब्द नाही. बंदी पोरांच्या शाळेला. थोरांच्या कचेऱ्या सुरळीत चालू!

मग करायचं काय? फार थोडं. भौगोलिक मानांकन मिळालेला टेरी टॉवेल विणणाऱ्या सोलापुरात प्रत्येक पोराला स्वतःचा टॉवेल मिळावा. नखं कापावीत, दाणे खाजवू-फोडू नयेत, कपड्याखाली झाकावेत. मोठ्यांनी दाण्यांवरून वस्तरा फिरवू नये. त्रास नसेल तर वाट पाहणं हाही उपचारच. पापणीवर दाणा आला, अंगभर पसरले किंवा मोठ्या माणसाला जांघेत दिसले, तर सिव्हिल हॉस्पिटलच्या त्वचारोग विभागात दाखवावं. जांघेतल्या दाण्यांसाठी जाताना जोडीदारालाही बरोबर न्यावं.