साखर अगदी शंभरच हवी का?

तारीखवार साखर लिहिलेली वही घेऊन येणारे पेशंट मला आवडतात. पण त्यांतल्या काहींची काळजीही वाटते. उपाशीपोटी ११८ आली की त्यांचा दिवस खराब. मग न विचारता गोळी वाढवायची, नाहीतर रात्री उपाशी झोपायचं. पहाटे घाम, थरथर, धडधड. साखर ७० च्या खाली! खरं तर मधुमेह असलेल्या बहुतेकांना उपाशीपोटी ८० ते १३० चालते. एचबीए१सी ७ टक्क्यांच्या आत असलं की पुष्कळ झालं, आणि वयस्कर, इतर आजार असलेल्यांना आम्ही त्याहूनही सवलत देतो.

परफेक्शनिझम म्हणजे नीटनेटकेपणा, असं लोक समजतात. माझ्या मते तो चूक सहन न होण्याचा स्वभाव आहे. म्हणूनच तीन महिने कडक पथ्य पाळणारा माणूस लग्नात एक जिलेबी खातो, 'आता मोडलंच' म्हणतो आणि महिनाभर सगळंच सोडून देतो. एका जिलेबीने फारसं बिघडत नाही, त्या महिन्याने बिघडतं.

एक निवृत्त शिक्षक सहा महिने फिरकले नाहीत. आले तेव्हा तळपायाला जखम होती, आणि ती त्यांना दुखतही नव्हती. "रिपोर्ट चांगला आला की येणार होतो, डॉक्टर," म्हणाले. जखम भरायला अडीच महिने लागले.

तेव्हा आकडा ३०० असला तरी ठरलेल्या तारखेला या. वहीत खाडाखोड चालेल. जिलेबीही लिहा.