भाड्याआधी वेळ मोजा

नीरा-भीमेच्या संगमावरचं नरसिंहपूर पुणे जिल्ह्याच्या अगदी आग्नेय टोकाला. तिथून रोज पुण्याला ये-जा करणं शक्यच नाही, म्हणून नोकरीला निघालेली पोरं उपनगरात खोली शोधतात आणि आधी भाडं विचारतात. माझ्या मते आधी रेल्वे स्थानक पाहावं. हडपसर नकाशावर जवळ दिसतं, पण काम पुणे स्टेशनच्या बाजूला असेल तर सोलापूर रस्त्यावरची कोंडी रोजचा जीव खाते. उरुळी कांचन लांब असूनही दौंड-पुणे मार्गावर आहे, आणि तिथून गावाकडची एसटीही सोयीची. गाड्या मोजक्याच, हा आक्षेप खरा आहे. एक चुकली की मांडीवर डबा घेऊन फलाटावर ताटकळावं लागतं. म्हणूनच खोली बघायला रविवारी जाऊ नये, कामाच्या दिवशी सकाळी आठला जावं.