पेढे वाटावेत की नाही?



या अंकाची जुळवाजुळव चालू असताना आपल्या बैठकीत एक जुनाच वाद पुन्हा निघाला. विषय २५ जुलैचा. १९७७ पासून आपल्या देशाचे राष्ट्रपती याच तारखेला शपथ घेत आले आहेत. १९९७ मध्ये के. आर. नारायणन यांनी घेतली, २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील यांनी आणि २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू यांनी. पहिला दलित राष्ट्रपती, पहिली स्त्री, पहिली आदिवासी. महाड-पोलादपूरला मात्र या तारखेला माणसे दिल्लीकडे नाही, डोंगराकडे पाहतात. २५ आणि २६ जुलै २००५ ला जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन इथे दरडी कोसळल्या आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ ला तळिये गेले.

म्हणून २००७ साली कुणीतरी पेढ्यांचा पुडा आणला तेव्हा आधी शांतताच पसरली. दरडींना दोनच वर्षे झाली होती. मग एकीने विचारले, "बाई काँग्रेसची. तिच्या शपथेचे पेढे आपण का खायचे?" आपल्या गटात लाल बावट्याच्या बाया आहेत, जयभीमवाल्या आहेत, सेवादलातून आलेल्या आहेत. सेनेच्या घरातल्याही आहेत, आणि त्या दिवशी त्याच पेढ्यांच्या बाजूने होत्या! त्यांच्या पक्षाने भाजपच्या आघाडीचा उमेदवार सोडून मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंना मते दिली होती. 'मराठी बाई' या शब्दांतल्या 'मराठी'ला मत पडले की 'बाई'ला, हा प्रश्न तेव्हाही होता.

आक्षेप पक्षापुरता नव्हता. महिनाभर आधीच, जून २००७ मध्ये, उदयपूरला प्रतिभाताई म्हणाल्या होत्या की पडद्याची चाल मोगलांच्या आक्रमणामुळे आली. आपल्या गटातली एक मुसलमान मैत्रीण, जिने आपल्या मोहल्ल्यात तलाकच्या प्रश्नावर एकटीने शिव्या खाल्ल्या, ती म्हणाली, "म्हणजे घरातल्या बाईला कोंडले त्याचा दोषही आमच्याच माथी?" तिला उत्तर नव्हते. पेढा तिने घेतला नाही. तिचे तेव्हा बरोबर होते असे आम्हांला आजही वाटते.

तरीही पेढे वाटले गेले. नाडगावात जन्मलेली, १९६२ साली जळगावातून आमदार झालेली एक बाई शपथ घेत होती आणि तिला शपथ देत होते न्या. के. जी. बालकृष्णन, देशाचे पहिले दलित सरन्यायाधीश. महाडात बसून हे दृश्य पाहताना पोटात काही हलले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. याच गावी मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले म्हणून माणसांची डोकी फुटली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जळली, आणि त्या परिषदेला आलेल्या बायांशी बाबासाहेब वेगळे बोलले.

टीकाकारांचा आवडता शब्द होता रबरी शिक्का. राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायचे हे घटनेतच आहे, राजेंद्रबाबूंपासून ते सगळ्यांना लागू आहे. पण पुरुष राष्ट्रपती असला की त्याला घटनेची मर्यादा म्हणतात, बाई असली की बाहुली! आपल्या सरपंच बायांना हे सांगायला नको. १५ ऑगस्टला झेंड्याची दोरी तिच्या हातात आणि नारळ फोडायला तिचा नवरा, ग्रामसेवक कागद घेऊन येतो तोही आधी नवऱ्याकडे. तिलाही सह्याजीराव म्हणतात. तिच्या हातून सही करवून घेणाऱ्याला मात्र कुणी नाव ठेवत नाही.

फार काही बदलले असेही नाही. प्रतिभाताई राष्ट्रपतीभवनात असताना ९ मार्च २०१० ला महिला आरक्षणाचे विधेयक राज्यसभेत मंजूर झाले आणि लोकसभेच्या दारात पडून राहिले.

२०२२ चा वाद अधिक कडू होता. या वेळी उमेदवार भाजपची होती, आणि शपथेच्या महिनाभर आधी, २८ जून २०२२ ला, वनसंवर्धनाचे नवे नियम आले होते. जंगलजमीन देताना केंद्राच्या मंजुरीआधी ग्रामसभेची संमती तपासण्याची अट त्यांत सैल झाली. एक आदिवासी बाई सर्वोच्च पदावर, आणि आदिवासींची ग्रामसभा बाजूला! आमच्यातल्या निम्म्याजणी म्हणाल्या, ही शोभेची निवड आहे, तिच्यात सामील व्हायचे नाही.

त्याच दरम्यान कुणीतरी आठवण दिली की झारखंडच्या राज्यपाल असताना २०१७ मध्ये याच मुर्मूबाईंनी छोटा नागपूर आणि संथाल परगण्याच्या कूळ कायद्यांतल्या दुरुस्त्या आपल्याच पक्षाच्या सरकारला परत पाठवल्या होत्या. वाद त्याने मिटला नाही, पण आवाज खाली आले.

मग दूरदर्शनवर शपथ झाली आणि भाषणाची सुरुवात त्यांनी 'जोहार'ने केली. खोलीतल्या एका म्हाताऱ्या आजीने मान फिरवली. तिच्या आज्याला वाटेत वाकून 'जोहार मायबाप' म्हणावे लागे. तो शब्द टाकून आपल्या माणसांनी 'जयभीम' घेतला. शेजारी बसलेली कातकरी वाडीवरची पोरगी मात्र ताठ बसली होती. आपल्या गावातून कॉलेजात जाणारी मी पहिली मुलगी, असे त्या पुढे म्हणाल्या तेव्हा ती हसली. ती स्वतः दहावीत दोनदा नापास झालेली, कारण दिवाळीनंतर आईबाप तिला कोळशाच्या भट्टीवर घेऊन जातात. आजीने थोड्या वेळाने तिला विचारले, "तुमच्यात जोहार म्हणजे काय गं?" त्या दोघींचे बोलणे आम्ही कुणी मध्ये पडून तोडले नाही.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. २८ मे २०२३ ला संसदेच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले ते राष्ट्रपतींच्या हस्ते नव्हे. सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षणाच्या कायद्यावर त्यांची सही झाली, तीही जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावरच लागू होईल या अटीवर.

या वेळच्या बैठकीतही एकमत झाले नाही. एवढे ठरले: येत्या २५ जुलैला सकाळी दरडीत गेलेल्यांसाठी जुईला जायचे आणि दुपारी कातकरी वाडीवर जमायचे. ज्यांना पेढे वाटायचे त्या वाटतील, ज्यांना नको त्या घेणार नाहीत, आणि कुणी कुणाला फितूर म्हणणार नाही. वाडीखालची जमीन कातकऱ्यांच्या नावावर नाही. त्याबद्दल राष्ट्रपतींना लिहायच्या पोस्टकार्डांवर मात्र दोन्हीकडच्या बाया सह्या करणार आहेत. कार्डे कार्यालयात आणून ठेवली आहेत. अंगठ्यासाठी शाईची डबीही आहे, पण वाडीवरच्या चारजणी यंदा स्वतःचे नाव लिहिणार आहेत, त्यांना सरावासाठी जुनी वही हवी आहे.