बोहारणीचा फेरा

पूर्वी दिवाळीची आवराआवर सुरू झाली, की आमच्या चाळीत दुपारी बोहारीण हटकून येई. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर कपड्यांचे गाठोडे. मग एका स्टीलच्या डब्यावरून आई आणि ती यांच्यात जी घासाघीस चाले, ती ऐकून एखाद्या वकिलाने सनद परत केली असती. "आणखी एक पँट टाका, ताई." "अगं, पण डब्याचं झाकण कुठं आहे?" शेवटी झाकणासह डबा घरात येई आणि वडिलांची बरी पँट घराबाहेर जाई.

हल्ली नेरूळच्या आमच्या सोसायटीत बोहारणीला फाटकाशीच अडवतात. पण ती गेली असे समजू नका. ती फोनमध्ये शिरली आहे, एवढेच!

हा शोध मला आमच्या कन्येमुळे लागला. तिला नोकरीच्या मुलाखतीसाठी ब्लेझर हवा होता. वाशीच्या दुकानात किंमत ४,५०० रुपये. दुसऱ्या दिवशी तिने फोन माझ्यापुढे धरला. खारघरच्या एका मुलीचा, दोनदाच घातलेला ब्लेझर, ६५० रुपयांना!

"दुसऱ्याचे उतरलेले कपडे माझी मुलगी घालणार नाही," मी ताडकन म्हणालो.

आवाज जरा जास्तच चढला. त्याला कारण होते. लहानपणी मी चुलतभावाचे शर्ट घालून वाढलो. सहावीत असताना त्याने भर वर्गात सांगितले, "हा माझा शर्ट आहे." पोरे हसली. तो शर्ट विरून गेला, पण ते हसू अजून विरलेले नाही. हे सारे मी त्या दिवशी प्रथमच घरात बोललो.

कन्या थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बाबा, तो तुम्हांला दिला होता. हा मी पाहून, निवडून, पैसे मोजून घेतेय. हा माझाच नाही का?"

मराठीच्या प्राध्यापकाला 'देणे' आणि 'घेणे' या क्रियापदांतला फरक मुलीने शिकवावा, याहून अधिक काय सांगू?

मात्र तिची खरेदी पाहून मी थक्क झालो. एम आणि एल या अक्षरांवर तिचा काडीचा विश्वास नाही, कारण दर कंपनीचे एम निराळे. स्वतःच्या नीट बसणाऱ्या कुडत्याची छाती, खांदा आणि बाही तिने टेपने मोजली आणि तीच मापे त्या मुलीकडे मागितली. कॉलर, काख, अस्तर यांची उजेडातली छायाचित्रे मागवली. टपालखर्च वाचावा आणि वस्तू हातात घेऊन पाहता यावी, म्हणून खारघर स्टेशनावर भर दिवसा भेट ठरवली. सोबत मी होतोच. ड्रायक्लीनिंगचे २५० रुपये धरून ब्लेझर ९०० रुपयांना पडला. टपाल आणि धुलाई किमतीत मिळवल्यावाचून 'स्वस्त' म्हणू नये, हा तिचा नियम.

लोकरी कोट, जीन्स, जाड सुती कापड जुने घ्यायला हरकत नाही. रेशमी साडी मात्र घडीवर पाहावी, ती आधी तिथेच विरते. अंतर्वस्त्रे आणि इलॅस्टिक सैल झालेले कपडे फुकट मिळाले तरी नकोत. आणि मुख्य म्हणजे, २५० रुपयांचा एक याप्रमाणे सहा कपडे घेतले आणि अंगाला तीनच लागले, तर ते ५०० रुपयांना एक पडले. बचत कपाट भरण्यात नाही.

या यशाने चेव येऊन मी माझा लग्नातला सूट विकायला काढला. पाच मिनिटांत गिऱ्हाईक! भाव न करताच तो गृहस्थ म्हणाला, "पैसे पाठवतो, हा चौकोन स्कॅन करून तुमचा पिन टाका." माझे बोट पिनच्या पहिल्या आकड्यावर होते. कन्येने फोन हिसकावून घेतला. पैसे देताना पिन लागतो, घेताना कधीच लागत नाही. हे साधे वाक्य माझ्या पगाराच्या खात्याला त्या दिवशी तारून गेले. कुणाची अशी फसगत झालीच, तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा.

रात्री आईला सगळी हकीकत सांगितली. ती हसून म्हणाली, "अरे, तू जन्मलास तेव्हा तुझं पहिलं झबलं माझ्या सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचं होतं. नव्या कापडाची खळ बाळाच्या अंगाला टोचते."

म्हणजे जुन्या कापडानेच माझे या जगात स्वागत केले होते!

कन्या मुलाखतीला तोच ब्लेझर घालून गेली. निकाल अजून लागायचा आहे. सुटाचे म्हणाल, तर तो पुन्हा कपाटात लटकतो आहे. मात्र काल फाटकाशी एक बोहारीण पहारेकऱ्याशी हुज्जत घालताना दिसली. मी वहीत माझ्या नावाने सही केली आणि तिला वर घेऊन आलो. आई तिची वाटच पाहत होती. डब्याला झाकण आहे, हे तिने आधीच बघून घेतले.